अर्धी घाडींची, अर्धी परबांची

पेटंट वीस वर्षांनी म्हातारं होऊन मरतं, असं कायदा सांगतो. मी जी पेटंटं मरताना पाहिली, त्यांतली बहुतेक तरुणपणीच गेली, आणि सगळी एकाच रोगाने. कोणीतरी वर्षाची फी भरली नाही. ती भरली जावी म्हणून लोकांच्या मागे लागणं हे माझं काम होतं. फोर्टमधल्या एका पेटंट एजंटच्या ऑफिसात मी लागले तेव्हा दोन वेण्या घालत होते, आणि निवृत्त झाले तेव्हा केस काळे करायचंही सोडून दिलं होतं. मधल्या काळात मी दुसरं काहीही केलं नाही.

आमच्या गिरगावच्या चाळीत शेजारच्या सामंतकाकूंना शेवटपर्यंत वाटत होतं की मी शोध लावते. पाहुण्यांना त्या कौतुकाने सांगायच्या, ‘‘ही आमची विजयकर, संशोधनात आहे.’’ शोध लावणारे वेगळे, त्यांचे अर्ज लिहिणारे आमचे साहेब वेगळे. माझ्याकडे होतं ते ‘रिन्यूअल’. कोणाच्या पेटंटची फी कधी, ती भरायची की नाही हे मालकाला विचारायचं, आणि भरायची असेल तर वेळेत भरायची. एवढंच. एवढंच असलं तरी त्यात चूक झाली तर एखाद्याची आयुष्यभराची अक्कल रस्त्यावर येते, म्हणून साहेब मला घाबरून असत आणि मी तारखांना.

बाहेरच्या माणसाला हे सगळं परकं वाटतं, म्हणून सोपं करून सांगते. सरकार शोध लावणाऱ्याला म्हणतं, तुझी युक्ती जगाला उघड करून सांग, त्याबदल्यात वीस वर्षं तुझ्या परवानगीशिवाय ती दुसऱ्याला वापरू देणार नाही. मात्र हे कुंपण फुकट नाही, त्याचं दर वर्षी भाडं. सुरुवातीची वर्षं माफ, मग थोडंसं, मग टप्प्याटप्प्याने चढत जातं. मी पागडीच्या खोलीत वाढलेली. आमच्याकडे इमारत जितकी जुनी तितकं भाडं हास्यास्पद, आणि घरमालक दारात आला की आम्हालाच त्याची कीव यायची. इथे सगळं उलटं होतं. पेटंट जितकं जुनं तितकं महाग.

असं का, हे मी साहेबांना पहिल्याच वर्षी विचारलं होतं. ते म्हणाले, ‘‘ज्याच्या शोधातून पैसे येतात त्याला चढती फी जड नाही. ज्याच्यातून येत नाहीत त्याने उगाच जागा अडवून बसू नये. सोडावं, म्हणजे ती गोष्ट सगळ्यांची होते. फी म्हणजे सरकारने दर वर्षी विचारलेला प्रश्न आहे, बाई. अजून हवंय का?’’ मला ते पटलं. अजूनही पटतं. पण हा प्रश्न सरकार स्वतः येऊन विचारत नाही, तो विचारायला मला पाठवायचं, हे त्यातलं दुखणं.

त्यामुळे माझ्या ओळखी विचित्र झाल्या. माझ्याशी वर्षातून एकदाच बोलणारी माणसं पुष्कळ होती. त्यांच्या मुलांची लग्नं, बायपास, नवं घर, सगळं मला वर्षाच्या हप्त्याने कळायचं. ‘‘काय बाई, आलात का वसुलीला?’’ असं हसून म्हणायची, पाच मिनिटं बोलायची आणि पुन्हा वर्षभर गडप. लोकांना वाटतं एकटं माणूस म्हणजे ज्याच्याशी कोणी बोलत नाही ते. माझ्याशी दिवसभर माणसं बोलत. संध्याकाळी चर्नी रोडच्या बाजूने घरी चालत जाताना मात्र मला एकदम जाणवायचं, की ह्यांतल्या एकालाही उद्या मी आठवणार नाही. आठवायचं कारणच नव्हतं, फी भरून झालेली असायची.

मोठ्या कंपन्यांचं बरं असतं, त्यांना माया नसते. एक औषध कंपनी आमची गिऱ्हाईक होती. तिथली एक चुणचुणीत पोरगी वर्षातून एकदा फोनवर यायची, मी एकेक पेटंटचं नाव वाचायचं आणि तिने ‘कीप’ किंवा ‘ड्रॉप’ म्हणायचं. ड्रॉप, ड्रॉप, कीप, ड्रॉप. मध्येच ती डबा खायची, ते ऐकू यायचं. मला सुरुवातीला राग यायचा. मग लक्षात आलं की हिशेबाच्या दृष्टीने हीच शहाणी आहे. जे कमावत नाही ते सोडायचं आणि डबा खायचा.

शहाणपणाने सोडणारा एकच साधा माणूस मी पाहिला. दादरचे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर होते, त्यांनी उकडीच्या मोदकाला कळ्या पाडणारं यंत्र केलं होतं. यंत्र उत्तम होतं, पण दादरच्या बायका म्हणाल्या, कळ्या यंत्राने पाडायच्या तर मग आम्ही सुगरणी कशाच्या? एकही विकलं गेलं नाही. फीचा वरचा टप्पा आला तेव्हा मास्तर पेढे घेऊन आले. ‘‘सोडलं,’’ म्हणाले. ‘‘आता ज्याला हवं त्याने करावं. अशी मोकळीक वाटतेय म्हणून सांगू!’’ मी पेढा खाल्ला आणि मनात म्हटलं, सगळे असे असते तर माझी नोकरी कधीच गेली असती.

घाडी आणि परब असे नव्हते. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणूनच मी हा लेख घेऊन बसले आहे, बाकीचं सगळं प्रास्ताविक समजा.

वसंत घाडी आणि जयराम परब हे कणकवलीकडच्या एकाच गावचे, एकाच गिरणीत फिटर. गिरणी बंद पडल्यावर दोघांनी चिंचपोकळी स्टेशनच्या कडेला एक शेड घेतली आणि बारीकसारीक कामं करू लागले. परबांच्या आईला परळच्या इस्पितळात नेलं होतं तेव्हा उतारावर वॉर्डबॉयचा हात सुटला आणि स्ट्रेचर गडगडत गेलं. म्हातारीला लागलं नाही, पण ह्या दोघांच्या डोक्यात किडा शिरला. गिरणीत मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबतो, त्यासाठी एक छोटीशी काटेरी पट्टी असते. तीच युक्ती त्यांनी चाकाला लावली. दांड्यावरचा हात सुटला की चाक जागच्या जागी थांबतं. साहेबांनी नमुना टेबलावर ठेवून ढकलून पाहिला, हात सोडला, आणि दोन वेळा ‘वा’ म्हणाले. साहेब सहसा एकदासुद्धा म्हणत नसत.

पेटंट दोघांच्या नावावर निघालं. काही वर्षं चाकं बरी खपली. मग एका ट्रॉली बनवणाऱ्या कंपनीने पेटंट एकरकमी विकत मागितलं. परब तयार होते, मुलाचं कॉलेज होतं. घाडी म्हणाले, विकायचं नाही, आपण बनवून द्यायचं. पेटंट दोघांचं असलं की एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय ते विकता येत नाही. दोघांचं हो-नाही चालू असताना कंपनीला बाहेरून स्वस्त चाक मिळालं, आणि ती आलीच नाही परत. तेलही गेलं, तूपही गेलं. परब म्हणाले तुझ्यामुळे गेलं, घाडी म्हणाले तुझ्या हावरटपणामुळे गेलं, आणि त्या दिवसापासून बोलणं बंद.

बंद म्हणजे किती, तर शेडच्या मधोमध पत्रा ठोकला. लेथ घाडींच्या बाजूला राहिला, वेल्डिंगचं मशीन परबांच्या. चाक बनवायला दोन्ही लागतं. म्हणजे ज्या शोधाचं कुंपण राखायला दोघं फी भरत होते, तो शोध आता दोघांनाही वापरता येत नव्हता. शोध वापरात आहे का, नसेल तर का नाही, हे मधूनमधून सरकारला कळवावं लागतं. घाडींनी मला कारण सांगितलं, ‘‘लिहा, भागीदार वेल्डिंग देत नाही.’’ परबांनी सांगितलं, ‘‘मॅडम, लेथ त्या माणसाने दाबून ठेवलाय, असं लिहा.’’ मी सभ्य भाषेत ‘मागणीअभावी’ असं लिहिलं.

फी मात्र दोघं भरत. अर्धी अर्धी. सरकार अर्धी फी घेत नाही, त्यामुळे एकाची आली की मी दुसऱ्याची वाट पाहत बसायची. घाडी पहिल्या दिवशी येत. बुटके, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं, पैसे कागदात गुंडाळलेले. परब उशिरा येत. मुदत संपल्यावर सहा महिन्यांची सवलत असते, वर दंड भरून. ती सवलत सरकारने आपल्यासाठीच काढली आहे असा परबांचा समज होता. सेंट लावून, गॉगल डोक्यावर चढवून येत. दंड ते स्वतः भरत, आणि भरताना म्हणत, ‘‘लेट मी करतो, लेट फी मी देतो. त्याचा उपकार नको माझ्या अंगावर.’’

आल्यावर दोघंही एकच प्रश्न विचारत. घाडी खालच्या आवाजात, गेल्या वर्षीच्या फीबद्दल, ‘‘त्याने दिली?’’ परब मोबाइलमध्ये बघत, जसं काही सहज, ‘‘दिली का हो त्याने?’’ मी हो म्हटलं की दोघांच्याही खांद्यावरचं काहीतरी उतरायचं. ‘‘देणारच,’’ परब म्हणायचे. घाडी फक्त पाणी मागायचे.

पहिली काही वर्षं मी ह्याला सुंभ जळाला तरी पीळ जात नाही यातला प्रकार समजत होते. आमची रिसेप्शनवरची जया तर म्हणायची, ‘‘ह्यांचं तुझं-माझं जमेना नि तुझ्यावाचून करमेना.’’ फीचा वरचा टप्पा जवळ आला तेव्हा मी घाडींना समोर बसवून हिशेब सांगितला. चाक विकलं जात नाही. बाजारात त्याहून स्वस्त चाक आहे. कंपनी परत येणार नाही. ही फी म्हणजे विहिरीत टाकलेले पैसे, पुढे तर आणखी जड होणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची बायको वारून बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माझ्याशी ते एरवी सांभाळून बोलायचे, मनातलं आलं की मालवणीवर यायचे.

‘‘बाई, तुमचा बरोबर असा,’’ ते म्हणाले. ‘‘पण मी सोडलंय तर तेका काय कळतला? तेका वाटतला, वसंतो संपलो.’’

मला तेव्हा कळलं की मी जे पोचवत होते ती फी नव्हतीच. पत्र्याच्या अलीकडून पलीकडे वर्षातून एकदा जाणारा तो एकच शब्द होता, ‘दिली’. मी जिवंत आहे, मी सोडलेलं नाही, तूही सोडू नकोस. हे सगळं त्या एका शब्दात मावत होतं, आणि तो न्यायला दोघांना मी लागत होते. खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटला. माझं लाइट बिल, माझं भाडं, माझा गॅस, सगळं मी पूर्ण भरते. माझ्याबरोबर कुठलीच गोष्ट अर्धी भरायला कोणी नव्हतं, भांडायलासुद्धा.

मग आमचं ऑफिस परळला हललं, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या टॉवरमध्ये. त्यांची गिरणी नव्हे, शेजारची. घाडी पहिल्यांदा आले तेव्हा खालच्या सिक्युरिटीने त्यांचा फोटो काढला आणि मोबाइलवर नंबर येईल तो सांगा म्हणाला. घाडी वर येऊन मला म्हणाले, ‘‘शेजारच्या गिरणीत मी भोंग्यावर आत जात होतो, इथे आता माझी ओळख मलाच विचारतात.’’ रागाने नाही, माहिती दिल्यासारखं. फी आता ऑनलाइन भरायची होती, आठवणीचे मेल संगणक आपोआप पाठवायचा. माझं काम पातळ होत चाललं होतं. ह्या दोघांना मात्र संगणकाचं काही पटलं नाही. मेल गेला तरी ते माणसाकडेच यायचे.

आणि एका वर्षी परब आले नाहीत.

घाडी नेहमीसारखे पहिल्या दिवशी देऊन गेले. मुदत गेली. परब उशिरा येतात म्हणून मी निर्धास्त होते. सवलतीचे महिनेही सरू लागले तेव्हा फोन केले, ते कोणी उचलेना. घाडींना चैन पडेना. वर्षातून एकदा येणारा माणूस आता दर आठवड्याला यायला लागला. दारातूनच विचारायचे, ‘‘इलो काय?’’ मी मान हलवली की तसेच परत.

सवलतीचा शेवटचा आठवडा आला तेव्हा मी म्हटलं, ‘‘घाडी, फी कोणीही भरली तरी चालते. तुम्ही आत्ता सगळी भरा, मग त्यांच्याकडून घ्या.’’

‘‘नाय.’’

‘‘अहो, पेटंट बंद पडेल.’’

‘‘अर्धी माझी, अर्धी तेची. सगळी मीच भरलंय तर तो सुटलो.’’ त्यांचा आवाज चढला. ‘‘तेका सुटूक देऊचो नाय मी!’’

बंद पडलेलं पेटंट पुन्हा उभं करायची सोय कायद्यात आहे, पण त्यासाठी दोन्ही मालकांनी मिळून अर्ज करायचा असतो. ह्या दोघांनी मिळून! त्यापेक्षा गिरण्या परत सुरू होणं सोपं होतं. म्हणजे शनिवारपर्यंत परबांची अर्धी फी आली नाही तर तो पत्र्यावरून जाणारा एकच शब्दही जाणार, आणि घाडी त्यांच्या अर्ध्या शेडमध्ये उरतील. ती अर्धी मी माझ्या पदरची भरावी असं मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण ‘त्याने दिली?’ असं घाडींनी विचारल्यावर मी काय सांगितलं असतं?

दुपारी सुट्टी टाकली आणि परळहून लालबागला चालत गेले. परबांची चाळ पाडून तिथे टॉवर झाला होता. बाविसाव्या मजल्यावर त्यांच्या मुलाने, महेशने, दार उघडलं. मी कोण ते सांगितलं तसा तो ओशाळला. ‘‘मेल बघितले मॅडम. मला वाटलं, बाबांचं जुनं काहीतरी असेल.’’ परब हॉलमध्ये खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग नीट पाडलेला. सेंटचा वास नव्हता. मला बघून लगेच हसले.

‘‘या मॅडम! तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?’’

‘‘फीचं विचारायला आले. यंदा आला नाहीत.’’

‘‘काय बोलता! भरली ना. मी नि वसंता आलो होतो ना परवा. तुमच्या लिफ्टला तो घाबरला. डोळे मिटून उभा! मी म्हटलं, अरे येड्या, गिरणीत शाफ्टवर चढायचास तेव्हा काय झालं नाय. खाली उतरून चहा पण घेतला. पैसे मला देऊ दिले नाहीत त्याने.’’

आमच्या टॉवरची लिफ्ट गुळगुळीत आहे, तिला कोणी घाबरत नाही. घाबरवायची ती फोर्टच्या जुन्या इमारतीतली, जाळीच्या दाराची, धक्के देत वर जाणारी. दोघं पहिल्यांदा, नमुना पिशवीत घालून साहेबांकडे आले होते, त्या दिवसाची ही गोष्ट होती. परबांच्या डोक्यात तोच दिवस परवाचा झाला होता. मधली सगळी वर्षं, कंपनी, भांडण, पत्रा, काही उरलं नव्हतं.

महेश मला स्वयंपाकघराशी घेऊन गेला. ‘‘वर्ष झालं असं. कधी मला पण विचारतात, तू कोणाचा रे. पण हे वसंताकाकांचं रोज चालू असतं. रोज फी भरून येतात दोघं.’’ मग म्हणाला, ‘‘मॅडम, राग मानू नका. त्या पेटंटमधून काही येतं का?’’

‘‘नाही.’’

‘‘पुढे येईल?’’

‘‘नाही.’’

‘‘मग जाऊ दे ना. इथे औषधांचं बघवत नाही मला.’’

तो वाईट मुलगा नव्हता. साहेबांनी मला पहिल्या वर्षी जे शिकवलं तेच तो बोलत होता, आणि मी आयुष्यभर ज्या प्रश्नाचा निरोप पोचवला त्याचं त्याने सरळ उत्तर दिलं होतं. निघताना परब दारापर्यंत आले आणि म्हणाले, ‘‘वसंता भेटला तर सांगा, पुढल्या वर्षी चहा माझा.’’ खाली उतरून मी लालबागच्या फुटपाथवर मसाल्याच्या दुकानासमोर उभी राहून रडले. तिथे डोळ्यांत पाणी आलेल्या बाईकडे कोणी वळून बघत नाही, एवढी सोय होती.

दुसऱ्या दिवशी घाडी दारात आले. ‘‘इलो काय?’’

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि जसं घडलं तसं सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही. ते माझ्याकडे न बघता टेबलाच्या कडेकडे बघत ऐकत होते.

‘‘आमी दोघां इल्लों म्हणता?’’

‘‘हो.’’

‘‘आणि च्याय?’’

‘‘चहाही घेतलात. पैसे तुम्ही दिलेत.’’

घाडी हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या खालच्या जबड्यात दात नव्हते, हे मला तेव्हा समजलं. ‘‘माझ्याकडे पैसे खंय होते तेव्हा! तेनाच दिल्यान च्यायचे.’’ बाहेर कोणीतरी प्रिंटर चालू केला, तो संपेपर्यंत दोघंही तसेच बसून होतो.

‘‘महेश म्हणाला, सोडून द्या,’’ मी म्हटलं. मला ते सांगणं भाग होतं.

घाडी उठले. ‘‘तो भरली म्हणता ना?’’

‘‘हो, पण घाडी, त्यांना…’’

‘‘जयराम खोटा बोलणारो माणूस नाय, बाई. तो म्हणता दिली, मगे दिली.’’

ते खाली गेले. मला वाटलं, संपलं. तासाभराने परत आले ते बँकेतून पैसे काढून. ते त्यांनी टेबलावर ठेवले आणि आपल्या आधीच्या पैशांत मिसळू दिले नाहीत. ‘‘ही परबांची,’’ म्हणाले. दंडाचेही वेगळे दिले. ‘‘लेट फी पण तेचीच. तोच लेट करता.’’ मी लगेच संगणकासमोर बसले आणि त्यांच्या देखत फी भरली. फी भरल्याचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला, पाणी मागितलं नाही, आणि गेले.

ते वर्ष माझं ऑफिसातलं शेवटचं. निरोपाला केक कापला, शाल दिली, कोणीतरी मला ‘ऑफिसची स्मरणशक्ती’ म्हणालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं टेबल दुसऱ्या दिवसापासून प्रिंटरला मिळणार होतं. आता घरी फोन वाजतो तो कर्ज हवंय का विचारायला. वर्षातून एकदा बोलणारी ती सगळी माणसं कुठल्या तरी संगणकाच्या आठवणीत असतील. मी त्यांच्या तारखा अजून विसरलेले नाही. सकाळी कॅलेंडर बघते आणि मनात येतं, आज अमक्याची फी. मग कोणाला सांगावं ते सुचत नाही, चहा करते.

पण निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यात घाडी एकदा येऊन गेले होते. फीचा दिवस नव्हता, काही काम नव्हतं. इतक्या वर्षांत विनाकाम आलेला तो एकच क्लायंट. वरचं बटण लावलेलं, नवीन शर्ट.

‘‘गेल्लंय तेच्याकडे,’’ ते म्हणाले. ‘‘लालबागाक.’’

‘‘काय म्हणाले परब?’’

‘‘माका वळखूक नाय. बस म्हणालो. नाव विचारूक नाय. सुनेन च्याय दिल्यान.’’ ते खुर्चीच्या टोकावर बसले होते. ‘‘मी इचारलंय, तुमचो पार्टनर होतो ना एक, वसंत म्हणान, तो खंय असता? तर दाराकडे बघित म्हणता, येतलो आता. फी भरूक जावचा आसा आमका. तो चुकवचो नाय.’’

‘‘मग?’’

‘‘मगे काय करतलंय, बाई,’’ घाडी म्हणाले. ‘‘काळोख पडासर बसलंय. दोघांनी मिळान माझीच वाट बघितली.’’